हिवाळ्यात बागेतले पक्षी पाहणे आणि टिपणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की हे प्रश्न येऊ लागतात आणि होळीपर्यंत येत राहतात. बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. पुणे आणि आसपासच्या देशावरचा हिवाळा डोळ्यांसमोर आहे. 'बाग' म्हणजे बंगल्याभोवतालचीच असे नाही; सोसायटीची हिरवळ, शाळेचे आवार, गॅलरीतल्या चार कुंड्या हे सगळे त्यात आले.

१. पक्षी तर बारा महिने असतात. मग हिवाळ्याचे एवढे काय?

पहिली गोष्ट पाहुण्यांची. हिमालय, तिबेट, मध्य आशिया, सैबेरिया इथले पक्षी या काळात आपल्याकडे मुक्कामाला असतात, आणि त्यातले बरेच जंगलात न जाता थेट वस्तीतल्या झाडांवर उतरतात. दुसरी गोष्ट पानगळीची. जानेवारी-फेब्रुवारीत झाडे विरळ होतात आणि जो तांबट किंवा हळद्या पावसाळ्यात फक्त ऐकू यायचा तो डोळ्यांना दिसतो. म्हणजे हिवाळ्यात 'नवीन' वाटणारे सगळेच पक्षी बाहेरून आलेले नसतात. काही इथलेच, फक्त आता उघडे पडलेले.

फोटो काढणाऱ्यांसाठी तिसरे कारण आहे. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. उन्हाळ्यासारखे डोक्यावरचे ऊन नसल्यामुळे पक्ष्याच्या पोटाखाली काळी सावली पडत नाही आणि चांगला प्रकाश बराच वेळ टिकतो.

२. पाहुणे येतात कधी, जातात कधी?

सगळे एकदम येत नाहीत. भोरड्या, म्हणजे पळस मैना, पावसाळा सरायच्या आतच दिसू लागतात. करडा धोबी सप्टेंबरच्या आसपास येतो, थिरथिरा साधारण ऑक्टोबरात. बहुतेक जण मार्च-एप्रिलपर्यंत थांबतात. थंडी पडली की पक्षी येतील असे समजून डिसेंबरपर्यंत वाट पाहिलीत, तर त्यांच्या येण्याचा अर्धा सोहळा हातचा गेला असे समजा.

३. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली फक्त पार्किंग. काही दिसेल का?

दिसेल, आणि काही बाबतींत जमिनीवरच्यांपेक्षा चांगले दिसेल. पानांमध्ये फिरणारे छोटे वटवटे, चष्मेवाले, फुलटोचे हे सगळे झाडाच्या वरच्या निम्म्या भागात असतात. खाली उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहणाऱ्याला त्यांचे फक्त पोट दिसते. तिसऱ्या मजल्यावरून ते डोळ्यांच्या रेषेत येतात. गॅलरीसमोर एखादा रेन ट्री, आंबा, कडुलिंब किंवा सिंगापूर चेरीचे झाड असेल तर तुमची जागा हेवा करावा अशी आहे. पार्किंगच्या भिंतीही सोडू नका, थिरथिऱ्याला अशाच जागा आवडतात.

४. सकाळी सहापासून बसतो, तासभर काहीच हलत नाही. चुकते कुठे?

वेळ चुकते. जानेवारीच्या मध्यात पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि ऊन झाडावर यायला आणखी वेळ लागतो. हिवाळ्यातले आपले बहुतेक पाहुणे कीटक खातात आणि गारठ्यात कीटक हलत नाहीत. म्हणून साडेसात ते दहा ही वेळ धरा. कोणत्या झाडाला आधी ऊन लागते ते एकदा पाहून ठेवा. पहिली हालचाल त्याच झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्यांवर होते. संध्याकाळी चार ते साडेपाच ही दुसरी चांगली वेळ.

जागा मात्र रोज बदलू नका. एकाच खुर्चीत, एकाच कोपऱ्यात बसणाऱ्याला फिरणाऱ्यापेक्षा जास्त दिसते. थिरथिरा आणि करडा धोबी हिवाळ्यातही आपापला इलाखा धरून असतात, ठरलेल्या भिंतीवर, ठरलेल्या नळाजवळ येतात. एका आठवड्यात त्यांचे वेळापत्रक तुम्हाला पाठ होईल.

५. आधी दुर्बीण घ्यावी की कॅमेरा?

दुर्बीण. ८×४० किंवा ८×४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. १० पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि तिच्यात कमी जागा मावते. पानांत सतत हलणारा पक्षी तिच्यात सापडत नाही. खिशात मावणाऱ्या २० पटींच्या स्वस्त दुर्बिणी रस्त्यावर मिळतात, त्या घेऊ नका. कॅमेऱ्याविषयी प्रश्न १३ आणि १४ पाहा.

६. सुरुवात कोणत्या पाहुण्यांपासून करावी?

ज्यांची सवय लांबूनही ओळखता येते त्यांच्यापासून. रंग प्रकाशात फसवतात, सवय सहसा फसवत नाही.

थिरथिरा चिमणीएवढा. नर वरून काळपट, पोट आणि शेपूट विटकरी. मादी मातकट, पण शेपूट तिचीही तांबूस. भिंतीवर, पत्र्यावर, कुंडीच्या काठावर बसून शेपूट थरथरवत राहतो. ही थरथर एकदा पाहिली की पुन्हा पुस्तक उघडावे लागत नाही.

तांबूला, म्हणजे लाल छातीचा माशीमार, त्याहून लहान. सावलीतल्या आडव्या फांदीवर बसतो, शेपूट वर उचलतो, आणि उचलताना तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसतात. कोरडा 'टर्र्र' आवाज करतो. छाती लाल दिसली नाही म्हणून निराश होऊ नका, माद्या आणि तरुण पक्षी मातकटच असतात. यात दोन जवळच्या जाती आहेत आणि दोन्ही महाराष्ट्रात येतात. शेपटीच्या वरची पिसे शेपटीहून गडद, अगदी काळी असतील आणि चोच पूर्ण काळी असेल तर तो तैगा माशीमार. इतके तपशील दिसायला नशीब लागते. नुसते 'तांबूला' लिहिले तरी पुष्कळ झाले.

राखी कोतवाल हा इथल्या काळ्या कोतवालाचा हिवाळी नातेवाईक. उघड्या तारेवर न बसता झाडीच्या आत बसतो, रंग पाटीसारखा, डोळा लाल. निलांग माशीमार नेमाने येत नाही, पण एखाद्या सकाळी उंच फांदीच्या टोकावर निळसर हिरव्या रंगाचा पक्षी बसलेला दिसला तर आधी त्याचाच विचार करा. डोंगराजवळच्या सोसायट्यांत इमारतीच्या गच्चीवर निळा कस्तूर एकटाच बसलेला दिसतो.

भोरड्या शोधाव्या लागत नाहीत. पांगारा, काटेसावर, पळस फुलले की गुलाबी-काळ्या पक्ष्यांचा गलबला आपोआप ऐकू येतो. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात त्या वीण करतात. तिथे टोळ हे त्यांचे मोठे खाद्य. आपल्याकडे मात्र फुलांतला मध, फळे, ज्वारीची कणसे यांवर त्यांचा हिवाळा निघतो.

७. धोबी किती प्रकारचे? सगळे सारखेच शेपूट हलवतात.

बागेत तीन लक्षात ठेवा. पोटाखाली पिवळा, पाठ करडी, शेपूट खूप लांब तो करडा धोबी, पाहुणा. चेहरा पांढरा आणि पाठ राखाडी तो पांढरा धोबी, तोही पाहुणा. डोके आणि पाठ काळी, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई आणि अंगाने मोठा असेल तर तो कवड्या धोबी. हा इथलाच, वर्षभर राहणारा, पाण्याच्या टाक्यांवर घर करणारा.

८. झाडाच्या शेंड्यातून दिवसभर 'चिस्-वी, चिस्-वी' ऐकू येते. दिसत काहीच नाही. कोण आहे?

बहुधा हिरवट पर्ण-वटवट्या. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, रंग पानाचाच, आणि एका जागी दोन क्षणही न थांबण्याचा स्वभाव. हिमालयापासून सैबेरियापर्यंतच्या जंगलांतून हा एवढासा जीव आपल्या रेन ट्रीवर येतो, पानांच्या खालून अळ्या टिपतो आणि दिवसभर तेवढे दोन स्वर म्हणत राहतो. हिवाळ्यात शहरातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या झाडावर तो असतो आणि बहुतेक लोक त्याच्याखालून रोज जातात. माझ्या मते आपल्या हिवाळ्याचा खरा आवाज हाच आहे.

बघायचा असेल तर दुर्बीण आधी डोळ्याला लावू नका. नुसत्या डोळ्यांनी झाडाकडे पाहा, वाऱ्याने हलणारे पान आणि पक्ष्याने हलणारे पान यांतला फरक कळू लागतो. पान हलले की नजर न हलवता दुर्बीण वर आणा. डोळ्यावर फिकट लांब भुवई आणि पंखावर जेमतेम दिसणारी फिकट रेघ दिसली की समाधान माना.

आवाज 'चक्... चक्...' असा, जिभेने टाळूला चटका दिल्यासारखा, आणि खाली मेंदीच्या किंवा घाणेरीच्या दाट झुडपातून येत असेल तर तो ब्लिथचा वेळू-वटवट्या. त्याला बघायला आणखी धीर लागतो. इथला बारमाही शिंपी आणि राखी वटवट्याही झुडपांतच असतात, पण ते शेपूट उभी ठेवतात. वेळू-वटवट्या ठेवत नाही.

९. हिवाळ्यात पक्ष्यांना दाणे ठेवावेत का?

गरज नाही. हे उत्तर अनेकांना आवडत नाही, म्हणून कारण सांगते.

आपला हिवाळा उपासमारीचा नाही. खरीप निघालेला असतो, गवताचे बी पिकलेले असते, वड-उंबरांना फळे असतात, पुढे पांगारा-काटेसावर फुलतात. शिवाय भोरड्या सोडल्या तर प्रश्न ६ आणि ८ मधले पाहुणे दाणे खातच नाहीत. दाणे ठेवले की येतात कबुतरे, कावळे, साळुंक्या. त्यांची गर्दी झाली की लहान पक्षी मागे हटतात. म्हणजे ज्यांच्यासाठी ठेवले तेच दूर जातात.

तरीही चिमण्या आणि मनोल्यांसाठी ठेवायचेच असेल तर मूठभर बाजरी किंवा राळा ठेवा, सकाळी तासाभरात संपेल एवढाच, आणि जागा रोज पुसा. पाव, बिस्किटे, फरसाण, शिळा भात नको. मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. साखरेचे पाणीही नको. फुलांतला मध पिणाऱ्या शिंजिराला जास्वंद आणि शेवगा पुरतो.

मग करायचे काय? पाणी ठेवा (प्रश्न ११) आणि बाग थोडी अस्ताव्यस्त राहू द्या (प्रश्न १२). या दोनच गोष्टींनी जेवढे पक्षी येतात तेवढे कोणत्याही दाणापेटीने येत नाहीत.

१०. मुलगी इंग्लंडमध्ये आहे. तिथे घरोघरी दाणे टांगतात. मग तिथे बरोबर आणि इथे चूक, असे कसे?

तिथे दिवस आठ तासांचा, जमीन गोठलेली, कीटक नाहीसे; बागेतल्या खाण्याने तिथल्या लहान पक्ष्यांना खरा आधार होतो. पण तिथेही पथ्य आहे. २००५ नंतर दाणापाण्याच्या जागांवरून पसरणाऱ्या ट्रायकोमोनोसिस या रोगाने ब्रिटनमधल्या ग्रीनफिंच पक्ष्यांची संख्या झपाट्याने उतरली. मुलीला सांगा की दाणापेटी नेमाने धुवावी आणि आजारी पक्षी दिसला तर काही दिवस खाणे बंद ठेवावे. जानेवारीच्या शेवटी तिथे १९७९ पासून चालत आलेली बागेतल्या पक्ष्यांची गणना असते, तासभर खिडकीत बसून भाग घेता येतो. तिची नोंद आणि तुमची नोंद एकाच रविवारी करून पाहा.

११. पाणी ठेवले तर डास होतात म्हणून सोसायटीने मनाई केली आहे. काय करावे?

सोसायटीची काळजी रास्त आहे, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. पण अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पाणी रोज बदलले तर डास होऊ शकत नाही. नुसते ओतून परत भरू नका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून काथ्याने घासा. साबण लागत नाही. एका माणसाच्या नावावर जबाबदारी लिहून द्या, समिती सहसा ऐकते.

भांडे उथळ हवे, दोन बोटे पाणी राहील एवढेच, आणि तळ खरखरीत. मातीचे पसरट परळ उत्तम. मध्ये एक दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्याला उतरायला जागा होते. मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या ठिकाणी, पण उडून बसायला दोन-तीन मीटरवर फांदी असेल असे ठेवा. थेंब थेंब पाणी पडेल अशी सोय केलीत तर वटवटे आणि माशीमारही उतरतात, एरवी ते भांड्याकडे फारसे फिरकत नाहीत. फोटोसाठी यासारखी जागा नाही.

१२. पक्षी यावेत म्हणून बागेत काय लावावे?

लावण्याआधी काढणे थांबवा. पाला रोज झाडून जाळला किंवा कचऱ्यात दिला जातो आणि त्याबरोबर जमिनीतले कीटकही जातात. एका कोपऱ्यात पालापाचोळा पडून राहू द्या. दयाळ, चिरक, एखाद्या वर्षी नारिंगी डोक्याचा कस्तूर तो उलटापालटा करत बसेल. कुंपणाची मेंदी हिवाळ्यात कापू नका. कीटकनाशकाची फवारणी म्हणजे वटवट्यांच्या ताटात विष.

लावायचे तर जागेप्रमाणे. कुंडीत जास्वंद, अबोली, अडुळसा. जमीन असेल तर शेवगा, कढीपत्ता, पांगारा. मोठ्या आवारात उंबर. सिंगापूर चेरी बाहेरची आहे हे मान्य, पण तिच्यावर फुलटोचे, तांबट, बुलबुल सतत असतात. असलेली तोडू नका, नवी लावताना मात्र इथल्या झाडांना पहिला मान द्या. आंब्यावरचे बांडगूळ पूर्ण काढायची घाई करू नका, फुलटोच्याचे पोट त्याच्या फळांवर चालते. झाड दमले असेल तर थोडे काढा, थोडे ठेवा.

१३. मोबाइलने पक्ष्याचा फोटो निघेल का?

ओळखण्यापुरता निघेल. झूम ताणू नका, चित्र फाटते. जवळचे साधे चित्र काढून नंतर कापा. दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइल टेकवून काढलेले फोटो आश्चर्य वाटावे इतके उपयोगी असतात. पाण्याच्या भांड्याजवळ मोबाइल टेकू देऊन ठेवा, चित्रीकरण सुरू करा आणि घरात जा. नंतर त्यातला हवा तो क्षण वेगळा काढता येतो.

१४. कॅमेरा आणि लेन्स कोणती, आणि सेटिंग काय ठेवावे?

बागेपुरते ७०-३०० मिमी लेन्सवर छान काम होते. १००-४०० किंवा १५०-६०० असेल तर सोपे, पण अंतर कमी करण्याचे खरे साधन धीर आहे (प्रश्न १६). लेन्स बदलायची नसेल तर मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा घ्या, उन्हात तो पुरेसा आहे.

शटर १/१००० सेकंद, लेन्सचे तोंड जितके उघडेल तितके, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ऑटोवर. बसलेल्या होल्यासाठी १/५०० पुरे. उडणाऱ्या वेड्या राघूसाठी १/२००० किंवा त्याहून जलद. फोकसचा एकच ठिपका निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. डोळा स्पष्ट असेल तर बाकीचे माफ. सावलीतल्या तांबूल्यासाठी आयएसओ ३२०० पर्यंत गेला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

काळा कोतवाल आकाशासमोर बसला की कॅमेरा आकाश पाहून फोटो काळवंडवतो, तिथे एक्स्पोजर एक पायरी वाढवा. गडद झाडीसमोरचा पांढरा बगळा उलट जळून निघतो, तिथे एक पायरी कमी करा.

१५. खिडकीच्या काचेतून काढलेले फोटो धुरकट येतात.

बाहेरून काच धुवा, खोलीतला दिवा बंद करा, मागचा पडदा ओढा. लेन्सचे हूड (पुढची उन्हाची झडप) काचेला टेकवा आणि काटकोनात धरा, तिरके धरले की प्रतिमा दुहेरी येते. फ्लॅश बंद. सरकती खिडकी असेल तर आदल्या रात्रीच वीतभर उघडून ठेवा, म्हणजे सकाळी आवाज होणार नाही.

१६. कॅमेरा वर केला की पक्षी उडतो. जवळ जायचे कसे?

जाऊ नका, त्याला येऊ द्या. तो येणार ती जागा आधी ओळखा (प्रश्न ४), उजेड पाठीमागे राहील असे बसा, मातकट कपडे घाला, कॅमेरा आधीपासूनच डोळ्यासमोर धरून ठेवा. पक्ष्याला भीती हालचालीची वाटते, माणसाची तेवढी नाही. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर बसलात तर फोटोचा सगळा भाव बदलतो. धोब्यासाठी हिरवळीवर पालथे पडा, चादर अंथरून.

पक्षी खाणे थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, की तुम्ही मर्यादा ओलांडली आहे. एक पाऊल मागे या.

१७. मोबाइलवर आवाज वाजवला की पक्षी लगेच समोर येतो. यात वाईट काय?

तो भेटायला येत नाही, भांडायला येतो. आपल्या जागेत दुसरा कोणी घुसला असे त्याला वाटते. खाण्याची वेळ आणि ताकद त्या शोधात जाते. एकाच सोसायटीत दहा जणांनी दिवसातून दोनदा हे केले तर काय होईल ते सांगायला नको. अळ्या ठेवून माशीमाराला ठरावीक फांदीवर बसायला शिकवणे, पिंगळ्याच्या तोंडावर फ्लॅश मारणे, हेही त्याच वर्गातले. अशा फोटोला कितीही शाबासकी मिळाली तरी तो काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८. गॅलरीतून लेन्स लावली की समोरच्या इमारतीतले लोक हरकत घेतात.

त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही घेतली असती. लेन्स कधीही खिडक्यांच्या दिशेने रोखू नका, पक्षी तिथे बसला असला तरी. एकदा स्वतः जाऊन काका-काकूंना फोटो दाखवा, मुलांना दुर्बीण द्या. आवारातल्या पक्ष्यांचे चार फोटो सूचनाफलकावर लावले की पुढच्या आठवड्यात तेच लोक 'आज काय आलंय?' म्हणून विचारतात.

१९. एक पक्षी रोज गाडीच्या आरशावर चोची मारतो. वेडा झाला आहे का?

आरशात त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. दयाळ, कवड्या धोबी, बुलबुल आणि शिंपी यांच्यात हे नेहमीचे. इलाखा राखणारा थिरथिराही करतो. आरशाला जुना पायमोजा घाला. खिडकीच्या काचेवर होत असेल तर बाहेरच्या बाजूने कागद लावा. काही दिवसांत थांबते.

२०. शिक्रा येऊन बुलबुल उचलून नेतो. त्याला हाकलावे का?

नाही. शिक्रा आला म्हणजे तुमच्या बागेत खाण्यासारखे पुरेसे पक्षी आहेत. फक्त दाणे ठेवत असाल तर काही दिवस बंद करा, कारण गर्दी एका जागी बांधून आपण त्याचे काम सोपे करतो.

आधी तो शिक्राच आहे ना तेही पाहा. पावशा हिवाळ्यात गप्प असतो आणि रंगरूपाने हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. चोच बाकदार आणि पाय दणकट असतील तर शिक्रा. चोच सरळ-नाजूक असेल तर पावशा. लहान पक्षी दोघांवरही ओरडतात, त्यावरून ठरवू नका.

२१. अर्धवट पिवळा, छातीवर काळी रेघ असलेला शिंजीर दिसला. नवीन जात आहे का?

जांभळा शिंजीर, नर. विणीचा हंगाम संपला की त्याची चमक उतरते, तो मादीसारखा दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत गडद रेघ तेवढी उरते. हिवाळा पुढे सरकतो तशी चमक ठिपक्याठिपक्यांनी परत येते. एकाच जास्वंदीवर दर आठवड्याला त्याचा फोटो काढत गेलात तर बदल ओळीने मांडता येईल. बागेतल्या फोटोग्राफीत यापेक्षा सुंदर प्रकल्प मला माहीत नाही.

२२. ऐन थंडीत गॅलरीतल्या वेलीवर घरटे बांधले आहे. फोटो काढू का?

शिंजीर, होले, मनोल्या यांना ऋतूचे बंधन फारसे नसते. घरट्याचा फोटो काढू नका. वारंवार जवळ गेल्याने पालक घरटे सोडतात, आणि आपण कुठे डोकावतो ते कावळे बघत असतात. त्या बाजूची कपड्यांची दोरी हलवा, झाडांना पाणी लांबून घाला, पडदा ओढून ठेवा. पिंगळ्यांच्या ढोलीचा पत्ताही कुणाला पाठवू नका.

२३. संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेला पक्षी सापडला तर?

ओढू नका. मांजा पंखात रुतलेला असतो, ओढला की स्नायू कापतो. पक्ष्यावर हलका सुती कपडा टाका, दोरा दोन्ही बाजूंनी लांब ठेवून कापा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. पाणी तोंडात घालू नका. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा जवळच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात न्या. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे; विक्री दिसली तर पोलिसांना सांगा. संक्रांतीनंतर आवारातल्या झाडांवरचे दोरे उतरवण्याचा एक रविवार ठरवा.

एका जागी अनेक पक्षी मेलेले सापडले तर प्रकार वेगळा आहे. हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लूची शंका अशाच नोंदींतून तपासली जाते.

२४. कबुतरांनी गॅलरी व्यापली आहे. हिवाळी पक्षी यायला जागाच नाही.

दाणे बंद करा, जाळी घट्ट लावा. सैल जाळीत इतर पक्षी अडकतात. सुकलेली विष्ठा पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क लावून काढा, तिच्या धुळीने फुप्फुसांना सूज येऊ शकते. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच आरोग्याच्या मुद्द्यावर. श्रद्धेचा भाग आम्ही समजतो, पण मूठभर दाण्यांचा परिणाम शेजारच्याच्या श्वासावर होतो हेही खरे.

२५. नोंदी कुठे द्याव्यात? आमच्या साध्या बागेच्या नोंदीला किंमत असते का?

असते, आणि साध्या बागेच्याच नोंदी कमी पडतात, कारण सगळे तलावावर जातात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, वेळ, किती मिनिटे पाहिले आणि प्रत्येक जातीचे किती, एवढे भरा. फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो, भारतातून २०१३ पासून लोक त्यात आहेत. पंधरा मिनिटे मोजले तरी चालते. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा. शाळेत किंवा सोसायटीत पहिली यादी करायला तो आठवडा सोयीचा.

२६. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने आमच्या बागेत असा पक्षी दाखवला जो महाराष्ट्रात येतच नाही म्हणतात. नोंद करू का?

फक्त ॲपने ऐकले म्हणून करू नका. कोतवाल, पर्णपक्षी आणि साळुंकी दुसऱ्यांच्या नकला करतात, आणि गाडीच्या ब्रेकचाही पक्षी होऊ शकतो. ॲपचे उत्तर म्हणजे कुठे पाहायचे याची सूचना. प्रत्यक्ष पाहा, फोटो काढा, फोटो नसेल तर आवाजाची फीत जपून ठेवा, आणि दिसले तसे लिहा: चोच, भुवई, शेपूट, काय करत होता. पोपटी बजरीगर किंवा शेंडीवाला कॉकटील असेल तर तो पिंजऱ्यातून सुटलेला आहे, पाहुणा नाही. हे सगळे करूनही तुमचे मत पक्के राहिले तर टिपणासह नोंद करा. ई-बर्डचे तपासनीस विचारतील, तेव्हा उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीतरी असेल.